कोण कुणाचा मुलगा? वसाहतकाळातलं अमेरिकन घराणं शोधताना

विल्यम मलिन्स हा इंग्लंडमधल्या डॉर्किंगचा जोड्यांचा व्यापारी. १६२० साली बायको, धाकटी दोन मुलं आणि एक नोकर घेऊन तो इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेला नेणाऱ्या 'मेफ्लॉवर' जहाजात चढला. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा पहिलाच हिवाळा त्याला भोवला आणि १६२१ च्या फेब्रुवारीत तो वारला. जाण्यापूर्वी त्याने तोंडी सांगितलेलं मृत्युपत्र प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर जॉन कार्व्हर याने लिहून घेतलं. मजकूर जेमतेम पानभर. इंग्लंडात वुड्स नावाच्या गृहस्थाकडे ठेवलेले चाळीस पौंड बायको, मुलगा जोसेफ, मुलगी प्रिसिला आणि थोरला मुलगा यांना दहा-दहा वाटून. थोरल्या मुलीला दहा शिलिंग. 'व्हर्जिनियात' असलेल्या मालापैकी अर्धा बायको ॲलिसला, उरलेला अर्धा जोसेफ आणि प्रिसिलाला सारखा. एकवीस डझन जोडे आणि तेरा जोड बूट वसाहतीच्या भागीदारी कंपनीच्या हवाली, सात वर्षांनी चाळीस पौंड मिळतील या बोलीवर.

वंशावळ शोधणारा माणूस हे पान कसं वाचतो ते बघा. बायकोचं नाव कळलं. मुलं चार होती हे कळलं, आणि त्यातली थोरली दोघं इंग्लंडातच राहिली असणार, कारण इकडच्या मालात त्यांना वाटा नाही. 'व्हर्जिनिया' वाचून गोंधळायचं कारण नाही. या लोकांना परवानगी होती व्हर्जिनियाच्या हद्दीतली, उतरले ते बरंच उत्तरेला, आणि मरणाऱ्याच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे त्या हिवाळ्यात गेले. ॲलिस आणि जोसेफही गेले. उरली एकटी प्रिसिला. तिने जॉन ऑल्डनशी लग्न केलं आणि त्या जोडप्याचे वंशज आज अमेरिकाभर पसरलेले आहेत. मृत्युपत्राची नक्कल 'मेफ्लॉवर'च्या परतीच्या फेरीत इंग्लंडला गेली आणि तिथल्या कोर्टाच्या दप्तरात नोंदली गेली, म्हणून आपल्या हाती लागते.

असे कागद धुंडाळणं हा अमेरिकेत मोठा छंद आहे, आणि त्याच्या भोवती संस्थाही जुन्या आहेत. बॉस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी १८४५ सालची. स्वातंत्र्ययुद्धाला हातभार लावणाऱ्यांच्या वंशज स्त्रियांची 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' १८९० ची, मेफ्लॉवरच्या वंशजांची सोसायटी १८९७ ची. आपल्याकडे ज्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला पाहिलाय त्यांना हा उद्योग नवा वाटणार नाही. शिवाय आता कितीतरी मराठी घरांत अमेरिकन सून किंवा जावई आहे. नातवंडांची आईकडची किंवा वडिलांकडची बाजू मॅसॅच्युसेट्सच्या एखाद्या गावात जाऊन पोचते, आणि मग प्रश्न येतो की हे शोधायचं कसं.

सुरुवात स्वतःपासून आणि मागे-मागे. हा नियम सगळेच सांगतात आणि बहुतेक जण मोडतात, कारण 'आपलं आडनाव ब्रॅडफर्ड, म्हणजे प्लिमथच्या गव्हर्नर ब्रॅडफर्डचेच आपण' असं धरून वरून खाली येण्याचा मोह फार. तसं केलं की हवा तो पूर्वज सापडतोच. तो आपला असेलच असं मात्र नाही.

मागे जाताना पहिला आधार जनगणनेचा. अमेरिकेत ती १७९० पासून दर दहा वर्षांनी होते आणि माणसांची नावं असलेले तक्ते ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० चे तक्ते २०२२ च्या एप्रिलमध्ये खुले झाले. १८८० पर्यंत प्रवास सोपा, कारण त्या वर्षीपासून प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं आहे. मधे १८९० चा खड्डा आहे. वॉशिंग्टनला १९२१ साली लागलेल्या आगीत ते तक्ते जळाले-भिजले, उरलेलेही पुढे नष्ट केले गेले, आणि आज जवळजवळ काहीच शिल्लक नाही. १८५० मध्ये घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव मिळतं, नातं मिळत नाही. त्याच्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे सगळे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे. '१६ ते २६ वयाचे पुरुष, २' एवढंच. मुलगे, भाचे की शेतावरचे गडी, तुमचं तुम्ही ठरवा. शोध सर्वांत जास्त अडतो तो इथेच, १७९० ते १८५० च्या पट्ट्यात.

आणि १७९० च्या मागे तर देशभराची अशी नोंदच नाही, कारण १७७६ पर्यंत देशच नव्हता. तेरा वसाहती, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. इथून पुढे एकच गोष्ट उपयोगी पडते: तो कागद कुणी, कशासाठी लिहिला हे विचारणं. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांची आठवण राहावी म्हणून कुणी काही लिहिलं नाही. पाद्र्याने लिहिलं ते बाप्तिस्म्यासाठी, सरकारने करासाठी, कोर्टाने मालमत्तेसाठी. त्या माणसाकडे काय होतं आणि कुणाला त्याचा हिशेब हवा होता हे कळलं, की दप्तर कुठलं उघडायचं ते कळतं.

न्यू इंग्लंडची, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडच्या वसाहतींची मंडळी या बाबतीत नशीबवान. १६२० ते १६४० या वीस वर्षांत सुमारे वीस हजार माणसं तिथे आली, बरीचशी कुटुंबच्या कुटुंबं. गावाचा कारकून जन्म, लग्न, मृत्यू वहीत लिहायचा. मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या अशा नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुस्तकरूपाने छापूनही झाल्या. दक्षिणेला व्हर्जिनियात चित्र उलटं. तिथे वस्ती पांगलेली, नोंदी अँग्लिकन चर्चच्या पॅरिशकडे, म्हणजे स्थानिक विभागाकडे, आणि कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कोर्टाकडे. पॅरिशच्या वह्या बऱ्याच हरवल्या आणि यादवी युद्धात काही कौंटींची कोर्टं दप्तरासकट जळाली. न्यू यॉर्कमध्ये १६६४ पर्यंत डच होते. त्यांच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून बहुधा काका, आत्या, आजी-आजोबा उभे राहत, आणि लग्न झालेल्या बाईचं माहेरचंच नाव लिहीत. शोधणाऱ्याला याहून काय हवं! अडचण एवढीच, की त्यांच्यात आडनावाची पद्धत पक्की नव्हती. यानचा मुलगा यान्सेन, त्याचा मुलगा पीटर असला की पीटरची मुलं पीटर्सेन. वडिलांचं नाव मधे लावणाऱ्या मराठी माणसाला हे लगेच उमगतं, अमेरिकन माणूस मात्र दोन पिढ्यांत दोन आडनावं बघून थबकतो. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनांसाठी १७२७ पासूनच्या जहाजांच्या याद्या आणि राजनिष्ठेच्या शपथा आहेत.

जन्माची नोंद नसली म्हणजे संपलं असं नाही. खरा खजिना जमिनीच्या कागदांत असतो. आपल्याकडे फेरफार उतारे लावून बसलं की घरातली भांडणं, वाटण्या, कोण कधी गेलं, सगळं उलगडतं, तसंच तिकडच्या कौंटीच्या खरेदीखतांचं आहे. नवऱ्याने जमीन विकली, तर तिच्यावरचा बायकोचा हक्क सोडवून घ्यावा लागे, कारण विधवेला आयुष्यभर एक तृतीयांशाचा हक्क होता. त्यामुळे दुसरीकडे कुठेही न भेटणारी बायको इथे नावानिशी भेटते. १७१० च्या खतात मेरी आणि १७१८ च्या खतात एलिझाबेथ असेल, तर त्या आठ वर्षांत दुसरं लग्न झालंय असं धरून चालावं, आणि धाकट्या मुलांची आई कोण हे नव्याने तपासावं. वारसाचे कायदेही बोलतात. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे, व्हर्जिनियात सगळी जमीनच थोरल्याची. म्हणून व्हर्जिनियातले धाकटे मुलगे जमिनीच्या कागदांवर बऱ्याचदा दिसतच नाहीत आणि लोक समजतात की मुलगा एकच होता. व्हर्जिनियाच्या करयाद्यांत मुलगा सोळाव्या वर्षी येतो, म्हणजे तो पहिल्यांदा दिसला त्या सालातून सोळा वजा केले की जन्मसालाचा अंदाज मिळाला.

हे कागद वाचताना काही खोड्या माहीत असाव्या लागतात. सर्वांत मोठी कॅलेंडरची. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १७३१ चा डिसेंबर संपला की १७३१ चाच जानेवारी. गोंधळ टाळायला लोक दोन्ही सालं लिहीत. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरच्या बायबलात त्याचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/२ असा आहे. पुढे कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबर १७५२ नंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, आणि वॉशिंग्टनचा वाढदिवस २२ फेब्रुवारी १७३२ झाला. क्वेकर पंथीय तर महिन्यांना नावंच देत नसत, नुसता आकडा. त्यांचा 'पहिला महिना' १७५२ पूर्वी मार्च असायचा. हे विसरलं की लग्नाआधी मूल, मृत्यूनंतर मृत्युपत्र असले चमत्कार वंशावळीत घडतात.

दुसरी खोडी नात्यांची. त्या काळच्या कागदात 'ज्युनिअर' म्हणजे मुलगाच असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनिअर, धाकटा तो ज्युनिअर. ते काका-पुतणे असतील किंवा एकमेकांचे कुणीच नसतील. सीनिअर वारला की कालचा ज्युनिअर आजचा सीनिअर. 'सन-इन-लॉ' हा जावई असेल किंवा सावत्र मुलगा, आणि 'कझिन' हा पुतण्या किंवा भाचाही असू शकतो. स्पेलिंगबद्दल तर बोलायलाच नको. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. एकाच माणसाचं आडनाव एकाच कागदावर दोन तऱ्हांनी सापडतं.

आणि कागद अमेरिकेतच असेल असंही धरू नये. प्लिमथचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने वसाहतीचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आणि शेवटी मेफ्लॉवरच्या एकेका प्रवाशाचं पुढे काय झालं याची यादी जोडली. ऑल्डन दांपत्याला अकरा मुलं, असं त्यात आहे. नावानिशी सापडतात दहा. हे हस्तलिखित स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत बॉस्टनहून नाहीसं झालं आणि १८५० च्या दशकात सापडलं ते थेट लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात. मॅसॅच्युसेट्सला ते परत मिळायला १८९७ उजाडलं. काही घराणी तर याहून लांब गेली. एलायहू येल जन्मला १६४९ साली बॉस्टनमध्ये, लहानपणीच इंग्लंडला गेला, पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याच्याच कारकिर्दीत, १६९० साली, कंपनीने कडलूरजवळचा तेगनापट्टमचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. राजाराम महाराज तेव्हा जिंजीत होते. ज्याच्या देणगीवरून येल विद्यापीठाला नाव मिळालं त्या बॉस्टनच्या पोराचा माग काढायचा, तर मद्रासची कंपनी दप्तरं चाळावी लागतात.

आता पुराव्याबद्दल. इंटरनेटवर तयार वंशावळी लाखोंनी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच एकमेकींच्या नकला आहेत. पन्नास ठिकाणी एकच बाप दिसला म्हणजे पन्नास पुरावे झाले नाहीत. हे दुखणं इंटरनेटच्या आधीचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव आंजू नावाचा एक गृहस्थ श्रीमंत अमेरिकनांना वंशावळी करून विकायचा. खऱ्या नोंदींच्या माळेत मधेच एक-दोन बनावट मणी ओवायचे आणि गिऱ्हाइकाला एखाद्या युरोपीय सरदारापर्यंत नेऊन पोचवायचं, ही त्याची रीत. त्या खोट्या वंशावळी ग्रंथालयांत गेल्या, त्यांवरून नवी पुस्तकं निघाली, आणि आजही त्या निस्तरण्याचं काम चालू आहे. याच काळात डोनाल्ड लाइन्स जेकोबस याच्यासारख्या अभ्यासकांनी या विषयाला शिस्त लावली: प्रत्येक पिढीचा प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध करायचा, विरोधी पुरावा लपवायचा नाही. 'तीन भाऊ जहाजातून आले' ही घराघरातली कथा आणि आडनावावरून विकलं जाणारं कुलचिन्ह, ही दोन्ही माझ्या मते सरळ बाजूला ठेवावीत.

थेट पुरावा नसेल तेव्हा शेजारीपाजारी कामाला येतात. माणसं सहसा एकेकटी स्थलांतर करत नसत. मृत्युपत्राचे साक्षीदार, अल्पवयीन मुलांचे पालक, बांधाला बांध असलेले शेतकरी, यांचा माग काढला की आपला माणूस आधी कुठल्या गावात होता ते सापडतं. पूर्वी यासाठी हस्तलिखित खंडांची पानं एकेक करून चाळावी लागत. सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चने १९३८ पासून जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म केल्या, त्यातल्या पुष्कळशा 'फॅमिलीसर्च'वर फुकट बघता येतात. २०२४ पासून तिथे हस्ताक्षर वाचणाऱ्या संगणकाच्या मदतीने खरेदीखतं आणि वारसाच्या कागदांच्या पूर्ण मजकुरात शब्द शोधता येतात. सूचीत पूर्वी फक्त विकणारा आणि घेणारा असायचा. आता आतल्या ओळीतला साक्षीदार, बायको आणि गुलामही शोधात वर येतो. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत या क्षेत्रात याएवढी मोठी गोष्ट झाली नाही.

डीएनए चाचणीचं कौतुक फार होतं, पण तिची मर्यादा साध्या गणितात आहे. दहा पिढ्या मागे पूर्वजांच्या १०२४ जागा येतात, आणि दर पिढीला वाटा निम्मा होत जातो. इतक्या मागच्या अनेक पूर्वजांचा एक कणही आपल्यात उतरलेला नसतो. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी एकाच आडनावाच्या दोन घराण्यांचा संबंध तपासायला चांगली. बाकी वेळी डीएनए कागदाच्या सोबतीला घ्यावा, त्याच्या जागी नव्हे.

गुलामांच्या वंशजांची वाट या सगळ्याहून बिकट. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत. त्यात मालकाचं नाव, खाली वय, लिंग, रंग. गुलामाचं नाव जवळजवळ कुठेच नाही. बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं नावानिशी पहिल्यांदा दिसतात ती १८७० च्या जनगणनेत. त्यामागे जायचं तर मालकाची कागदपत्रं हुडकावी लागतात, कारण कायद्याने माणूस ही मालमत्ता होती, आणि मालमत्तेची यादी होते. मालक मेला की शेजारी येऊन घरातल्या वस्तूंची किंमत लावत. पिसांची गादी, लोखंडी भांडं, दोन बैल, आणि त्याच रांगेत एखाद्या बाईचं नाव, तिचं मूल, समोर पौंड-शिलिंग. वाचताना पोटात कालवतं, पण त्या बाईच्या वंशजांना तेवढीच ओळ मिळते. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरलं, म्हणून अशा कुटुंबांत आईकडची साखळी आधी शोधतात. भारताशी जोडलेली एक नोंदही व्हर्जिनियात अशीच मिळते. तिथे माणूस आणणाऱ्याला डोईमागे पन्नास एकर जमीन मिळे. १६३५ साली जॉर्ज मेनिफी याने ज्यांच्या नावावर जमीन मागितली, त्या यादीत 'टोनी, ईस्ट इंडियन' आहे. कुठल्या बंदरातून आला, पुढे काय झालं, यातलं काहीच ती नोंद सांगत नाही. तिला हिशेब फक्त एकरांचा होता.

शोधलेलं आणि सापडलेलं जपणं हे दुसरं काम, आणि त्यात लोक जास्त नुकसान करून ठेवतात. जुन्या कागदाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते काढता येत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो. आम्लरहित फोल्डरमध्ये सपाट ठेवावा. माळा तापतो, तळघराला ओल येते, तेव्हा राहत्या खोलीतलं कपाट बरं. फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलने नावं लिहावीत, बॉलपेनने नाही. कागद निदान ३०० डीपीआयवर आणि फोटो ६०० वर स्कॅन करून तीन प्रती ठेवाव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. जुन्या थडग्यांवरची अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक खडू किंवा शेव्हिंग क्रीम चोळतात. दगडाला त्याने इजा होते. स्वच्छ पाणी, मऊ ब्रश आणि तिरपा उजेड पुरतो.

घरच्या बायबलमधलं जन्म-मृत्यूचं पान असेल तर पुस्तकाच्या छपाईचं सालही टिपून ठेवावं. बायबल १८२० मध्ये छापलेलं आणि नोंदी १७६० पासूनच्या एकाच शाईत असतील, तर त्या आठवणीने लिहिलेल्या आहेत हे उघड. असं एखादं पान तुमच्या घरी नसेल तर ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असण्याची शक्यता आहे. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा लागे, आणि कितीतरी जणींनी बायबलमधलं पान फाडून अर्जाला जोडलं. ती पानं अजून त्या फायलींत आहेत.

मूळ कागद शेवटी कुणाच्या तरी हाती द्यावे लागतात, कारण पुढच्या पिढीत घर लहान होतं आणि पेट्या आधी जातात. कौंटीची इतिहास संस्था किंवा राज्याचं अभिलेखागार देणगीपत्र करून असे कागद घेतं. कोणते कागद किती वर्षं बंद ठेवायचे, हेही त्यात लिहून घेता येतं. दक्षिणेतल्या घराण्यांकडे शेतीच्या हिशेबवह्या असतील तर त्या लाजेखातर पेटीत दडवू नयेत. कपडे, जोडे, धान्य कुणाला दिलं, कुठल्या बाईला मूल झालं, ही नावं त्या वह्यांखेरीज कुठेच मिळत नाहीत, आणि ती शोधणारे लोक हयात आहेत. वही सुपूर्द करण्याआधी त्यातल्या प्रत्येक नावाची पानवार यादी टाइप करून सोबत द्यावी. संस्थेकडे देणगीच्या पेट्या सूची होईपर्यंत वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात.